सीलबंद बाहुल्याची चोरी

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण लातूरच्या त्या फिर्यादीची आठवण निघाली की मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो. खून नाही, दरोडा नाही. चोरीला काय गेलं, तर वीतभर उंचीचा एक बाहुला.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारी दुपारी खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाचे मालक फिर्याद द्यायला आले. सोबत देगलूरचे एक किराणा दुकानदार होते, पन्नाशीचे, कपाळावर भस्म, एसटीने खास आलेले. एवढे तावातावाने बोलत होते की मला वाटलं, यांचं सोनं गेलं.

"मुलाचं खेळणं हरवलं का?" मी विचारलं.

"मुलाचं कशाला? माझं हाय," ते म्हणाले.

तेव्हा मला या दुनियेचा पत्ता लागला. सुपरहिरोंचे बाहुले जमवणारी मोठी माणसं आपल्या भागातही आहेत. लातूर-नांदेडची अशी पंधरा-वीस मंडळी होती आणि मोबाईलवर त्यांचा ग्रुप होता. त्या रविवारी सकाळी नव्या मालिकेचे बाहुले दुकानात आले आणि ही मंडळी शटर उघडायच्या आधी दारात हजर होती. त्यांचा एक नियम मी नीट ऐकून घेतला: डबा कधी उघडायचा नाही. डब्याला पारदर्शक खिडकी असते, त्यातूनच बघायचं. डबा उघडला की बाहुल्याची किंमत गेली आणि उघडणाऱ्याची अब्रूही गेली. दुसरी रीत म्हणजे सगळे डबे दाराशी उन्हात नेऊन पारखायचे. कुणाच्या डोळ्यांचा रंग पसरलाय, कुणाचा गुडघा वाकडा बसलाय, यावर तासभर वाद. मुलीला स्थळ बघायला गेलेली माणसंही एवढं निरखत नाहीत.

या मालिकेतल्या एका मुखवटेवाल्या वीराला खरं कापडी उपरणं होतं, पाठीवर सोडलेलं. त्याला ही मंडळी केप म्हणतात. त्याचे पाचच डबे आले होते, म्हणून मालकांनी एकाला एकच द्यायचं ठरवलं आणि वहीत नावं लिहून घेतली. चार डबे चौघांनी नेले. पाचवा देगलूरकरांसाठी कपाटात ठेवलेला होता. ते सोमवारी आले तर कपाट रिकामं.

कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. वीसेक वर्षं काउंटर सांभाळणारे साठीचे चाचा. मालक खाली मान घालून म्हणाले, "साहेब, माझ्या तोंडून त्यांचं नाव निघत न्हाई. पण दुसरं कोण असंल?" त्यांनी किल्ली काढून घेतली होती आणि चाचांना घरी बसवलं होतं.

मी चाचांना बोलावून विचारलं. रविवारी पारखायला डबे बाहेर काढताना पाचवाही गर्दीत गेला असेल, परत लावताना मी मोजले नाहीत, एवढी चूक माझी, असं त्यांनी साधेपणाने सांगितलं. मी जबाब घेतला आणि त्यांना सोडलं.

बुधवारी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही, पण गल्लीतलाच माणूस होता. म्हणाला, "चाचाच्या घरी तो बाहुला हाय. त्यांची बायको त्याला टाके घालून राहिली."

झालं. मी दोन पंच घेतले, जीप काढली आणि थेट चाचांच्या दारात उभी केली. ओट्यावरच्या बायका उठून आत गेल्या, समोरचा सायकलवाला पाना हातात धरून बघत राहिला. आत खरोखरच चाची चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर बाहुला आणि हातात सुई. त्यांच्या माहेरी पिढीजात रफूचं काम. त्या उसवलेल्या केपची शिवण त्यांनी अशी बसवली होती की टाका शोधून सापडत नव्हता. पंचनामा केला, बाहुला जप्त केला, चाचांना जीपमध्ये बसवलं. मनात म्हटलं, तीन दिवसांत प्रकरण निकाली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

ठाण्यात चाचा कोपऱ्यातल्या बाकावर बसले. चहा घेतला नाही.

"हा कुठून आला?"

"एकानं दिला, साहेब. केप उसवली होती, शिवायला दिली."

"कुणी?"

"त्ये न्हाई सांगता येत. जबान दिली हाय."

"चाचा, चोरीचा आळ तुमच्यावर आहे. कळतंय ना?"

"हाव, कळतंय. पण हा चोरीचा न्हाई. त्यांनी पैसे देऊन घेतलेला हाय, वहीत नाव हाय त्यांचं. डबा उघडला ही गोष्ट त्यांच्या लोकांत कळली तर त्यांची इज्जत जाईल, एवढंच." मग म्हणाले, "त्यांना कळू द्या मला आणलंय म्हणून. ते स्वतः येतील बघा."

मी दोन तास विचारलं. प्रेमाने विचारलं, दरडावून विचारलं. खोटं बोलणारा माणूस एकच गोष्ट दर वेळी जरा वाढवून सांगतो. चाचांचं वाक्य एका शब्दाने वाढलं नाही. आणि ठाण्यात कुणी आलंही नाही.

शेवटी मी साधा हिशेब केला. चार डबे वहीतल्या चौघांकडे आहेत. चाचा खरं बोलत असतील तर त्यातला एक उघडलेला निघणार. चारही सीलबंद निघाले तर जप्त केलेला बाहुला चोरीचा, आणि चाचा खोटे. चौघांना डब्यासह हजर राहायला सांगितलं.

दुपारी चौघे आले. नांदेडच्या दाताच्या डॉक्टर मॅडम, एक एसटी कंडक्टर, एक औषध दुकानदार आणि क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे एक सर. हे सर ग्रुपचे प्रमुख. डबा उघडणाऱ्याला ते ग्रुपमधून काढून टाकत. चौघांच्या मांडीवर डबे, आणि चारही सीलबंद. आमच्या हवालदाराने आत बघायला म्हणून एक डबा उचलला, तर चौघे एकदम उभे राहिले. त्याने निखारा हातात आल्यासारखा डबा खाली ठेवला.

मला मनातून वाईट वाटलं. म्हणजे चाचाच.

टेबलावर तो उघडा बाहुला होता. मॅडमचा चेहरा पडला. "अरेरे, उघडलं कुणी याला?" कंडक्टरने मान फिरवली. आणि सर सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याला यातलं काही कळत नाही. अडाणी माणसाचं काम आहे."

मी त्या क्षणी सरांकडे बघत नव्हतो. कोपऱ्यातल्या बाकावरच्या चाचांकडे बघत होतो, सवयीने. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा बघावा, हे मी फार आधी शिकलो होतो. चाचा सरांच्या मांडीवरच्या बंद डब्याकडे टक लावून बसले होते. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले,

"सर, तुमचा डबा बंद हाय?"

सरांनी डबा जवळ ओढला.

"मग रविवारी सांजच्याला माझ्या घरी आणून दिला, त्यो कोणता होता?"

वहीत नाव एकदाच, डबा एकच मिळालेला, तोही बंद. मला आणखी काही विचारावं लागलं नाही. सरांनी डबा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यांनी जबाबात सांगितलं ते असं. आयुष्यात एकही बाहुला त्यांनी हातात धरला नव्हता. सगळे खिडकीमागे. हा एक मनात भरला. एक जपायला आणि एक हातात धरायला, असे दोन हवे होते, पण एकाला एकच. उन्हात पारखताना पाचवा डबा पिशवीत गेला. घरी दार लावून उघडला आणि दहा मिनिटांत केप उसवली. शिवणार कोण? चाची. मला त्या माणसाची कीव आली, अगदी खरं सांगतो. पण चाचांना जीपमध्ये नेल्याचं त्यांना ग्रुपवरून सकाळीच कळलं होतं, तरी ते वर्गात शिकवत राहिले. त्याचा मला जो संताप आला, तो आजही आहे. गुन्हा रीतसर त्यांच्या नावावर नोंदवला.

मुद्देमाल कोर्टामार्फत परत मिळेल, असं देगलूरकरांना कळवलं. "उघडलेला? न्हाई, नको," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मालक स्वतः ठाण्यात आले, चाचांचे पाय धरायला वाकले. चाचांनी त्यांना धरून उभं केलं. मी स्टेशन डायरीत चाचा निर्दोष असल्याची नोंद केली, ती त्यांना वाचून दाखवली आणि म्हणालो, "चला चाचा, सुटलात. घरी जा."

चाचा बाकावरून उठले नाहीत.

"साहेब, तुम्ही लिवलं ते कागदात ऱ्हाईल. गल्लीत कोण वाचणार? गल्लीनं मला जीपमधी बसताना बघितलंय."

एवढ्या वर्षांत किती जणांना दारातून उचलून आणलं आणि चौकशीनंतर "जा" म्हणून पायी पाठवलं, त्याची नोंद कुठल्याच डायरीत नव्हती. शिकलो ते तिथे शिकलो. माणसाला संशयित करायला आपण गाडी पाठवतो, निर्दोष करायला कागद.

मी टोपी घातली, चाचांना जीपमध्ये पुढे माझ्या शेजारी बसवलं आणि दिवसाउजेडी त्याच दारात गेलो. सायकलवाला बाहेर आला, ओट्यावर बायका जमल्या. मी मोठ्याने सांगितलं, "चाचांनी चोरी केलेली नाही. चूक माझी झाली. चोर सापडला आहे." नोकरीत मी भाषणं बरीच केली. चूक कबूल केली ती त्या एकदाच.

चाची दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाचांना म्हणाल्या, "सकाळपासून जेवले न्हाईत तुम्ही," आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेल्या.