प्लास्टरच्या आत तेलाचं बोट

"आजी, खोकला किरकोळ आहे. पण हा मणका बघा," असं म्हणत बाळाच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे उजेडात धरला. माझा नातू रुद्र तेव्हा दहा महिन्यांचा होता. माझ्या मांडीवर बसून बांगड्या चोखत होता. फोटोत त्याच्या पाठीचा कणा सरळ खाली यायचा सोडून डावीकडे वळून पुन्हा मध्ये आला होता. मला एक्स-रेतलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही दिसलं.

डॉक्टर म्हणाले, "याला स्कोलिओसिस म्हणतात. तान्ह्या वयातला, म्हणून इन्फन्टाइल." म्हणजे कणा एका बाजूला वाकतो आणि वाकता वाकता पिळतोही. त्यामुळे त्या बाजूच्या फासळ्या पाठीत वर येतात. मग त्यांनी विचारलं, "पाठ एका बाजूला उंच वाटली नाही का कधी?"

"नाही हो," सून स्नेहल म्हणाली. मी खाली मान घातली. मला वाटली होती की.

बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणारी मी. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर पालथं घालायचं आणि कोमट तेलानं पाठ चोळायची. माझ्या तळहाताला डावीकडचा उंचवटा रोज लागत होता. मी मनाशी ठरवून टाकलं, एका कुशीवर निजतो म्हणून असं झालंय, चोळून बसेल. तिथं जरा जास्तच जोर देत होते. स्नेहलला बोलले नाही. बँकेत नोकरी करणारी पोरगी, उगाच दवाखाने करत बसेल, असं वाटलं. मी तीन पोरं वाढवलीत, मला कोण शिकवणार, ही घमेंडही होतीच.

माझा मुलगा महेश आणि आम्ही दोघी रुद्रला घेऊन पुण्याला लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं एमआरआय झाला, म्हणजे मणक्याच्या आतली नस नीट आहे का ते बघण्याची तपासणी. बाळ हलू नये म्हणून त्याला झोपवून करतात. आत सगळं ठीक होतं. मी धीर करून विचारलं, "माझ्या चोळण्यानं झालं का हे?"

"नाही. चोळण्यानं होत नाही आणि चोळण्यानं जातही नाही," डॉक्टर म्हणाले. "काही बाळांचा बाक आपोआप जातो. याचा तसा दिसत नाही, फासळ्यांचा कोन जास्त आहे. पण लवकर आलात तर हाडं कोवळी असतात. वाढीचा वेग आपल्याच कामाला येतो. थोडं आधी आला असता तर आणखी बरं."

ते 'थोडं आधी' माझ्यामुळं हुकलं होतं. परतीच्या गाडीत मी डोळे मिटून तो उंचवटा हाताला पहिल्यांदा कधी लागला ते आठवत होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारी दमली.

उपचाराचं नाव सीरियल कास्टिंग. भूल देऊन बाळाला एका चौकटीवर ताणून धरतात, वाकलेला, पिळलेला कणा हातानं हळूहळू सरळ दिशेला वळवतात आणि काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालतात. पोट फुगायला पुढं एक खिडकी ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी ते काढून नवं घालायचं, आधीपेक्षा थोडं जास्त सरळ. असं वर्षभर तरी. बाक हटला नाही, तर पुढं ऑपरेशन, तेही वाढत्या वयात पुन्हा पुन्हा. आमची सगळी आशा त्या प्लास्टरवर होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "आत पाणी नाही, पावडर नाही, तेल नाही. काहीच घालायचं नाही."

पहिलं प्लास्टर निभावलं. पोरगं दोन दिवस रडलं, मग त्या ओझ्यासकट रांगायला लागलं, भिंतीला धडकून हसायला लागलं. पण दुसरं प्लास्टर आलं ऐन उन्हाळ्यात. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते आमच्या गावात एक दुपार काढल्याशिवाय कळायचं नाही. जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर भट्टीतला वारा फेकत होता. रुद्रला आत खाज सुटायची. तो भिंतीला पाठ घासायचा, माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवायचा. "बंगारा, काय करू रे मी," मी म्हणायची. आमच्या घरात अर्धं कन्नड चालतं, बंगारा म्हणजे सोनं.

एका दुपारी राहवलं नाही. खोबरेल तेलात बोट बुडवलं आणि खिडकीतून आत सरकवलं. तो शांत झाला. माझ्याकडं बघून हसला. मग रोज दुपारी स्नेहल बँकेत असताना मी तेलाचं बोट आत घालायला लागले. वरच्या कडेतून पाठीवरही. मला वाटायचं, प्लास्टर दगडासारखं घट्ट आहे, एका बोटानं त्याचं काय होतंय. त्याचं ते हसू मला रोज हवं होतं, खरं कारण तेवढंच.

स्नेहलला वास आला. तिनं प्लास्टरच्या कडेला नाक लावलं आणि माझ्याकडं बघितलं. आतलं कापसाचं अस्तर तेलानं आणि घामानं भिजून कुजलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यात करवतीनं प्लास्टर कापलं, तेव्हा पाठीची कातडी ठिकठिकाणी सोलली होती. लाल, ओली.

डॉक्टर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कातडी भरेपर्यंत नवं प्लास्टर घालता येणार नाही. तीन आठवडे तरी. या वयात तीन आठवडे म्हणजे खूप असतात."

स्नेहल मला कधी उलट बोलली नव्हती. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ती म्हणाली, "आत्या, त्याला बरं वाटावं म्हणून केलं की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

करायला गेले गणपती, झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता येईल अशी ही गोष्ट नव्हती. महेश मध्ये पडायला लागला, "जाऊ दे गं, आईला काय ठाऊक." मी त्याला गप्प केलं. मला सगळं ठाऊक होतं. माझ्यासमोरच सांगितलं होतं.

त्या तीन आठवड्यांत बाक पुन्हा वाढला. स्नेहलनं नातेपुत्याहून तिच्या आईला बोलावून घेतलं. त्या रुद्रला सांभाळायच्या आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी भाजी निवडत बसायची. त्याला उचलायला हात शिवशिवायचे, पण मागायची हिंमत नव्हती. विहीणबाई भल्या, एकदा हळूच म्हणाल्या, "घ्या की ओ जरा." मी नको म्हणाले.

पुढची प्लास्टरं नीट झाली. प्रत्येक एक्स-रेत कणा थोडा थोडा मध्ये येत गेला. शेवटचं प्लास्टर उतरवलं तेव्हा डॉक्टर स्वतःच खूश होते. थोडा बाक उरला आहे, सध्या ऑपरेशन नाही, आता ब्रेस. ब्रेस म्हणजे प्लास्टिकचं जाकीट, पट्ट्यांनी आवळायचं. अंघोळीपुरतं काढायचं, बाकी दिवसरात्र अंगावर.

निघताना मी मागं थांबून विचारलं, "डॉक्टर, जो उरलाय, तो त्या तीन आठवड्यांमुळं का?"

"सांगता येणार नाही, आजी. कदाचित हो, कदाचित नाही."

मला त्यांच्याकडून नाही ऐकायचं होतं. ते खोटं बोलले नाहीत, त्याबद्दल आज मी त्यांचे आभार मानते. तो उरलेला बाक माझा म्हणूनच मी धरून चालते.

हे वाचणाऱ्या आज्यांना आणि आयांना एवढंच सांगते. बाळाची पाठ हाताला एका बाजूला उंच लागली, तर चोळत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. माझ्यासारखं शहाणपण करू नका. आणि बाळ रडलं म्हणून उपचारात हात घालू नका.

विहीणबाई गावी परतल्या त्या सकाळी स्नेहल बँकेत जायला निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "आत्या, अंघोळीनंतर ब्रेस तुम्ही घाला. पट्टे खुणेपर्यंत ओढायचे." मी हो म्हणाले. तिनं मला माफ केलं की नाही ते मी विचारलेलं नाही. पोर माझ्या हातात दिलं, हे मला पुष्कळ झालं.

रुद्र आता चालतो, बोलतो. दुपारी गरम झालं की माझ्याजवळ येतो, पट्ट्याला हात लावतो आणि म्हणतो, "अज्जी, काढ." मी नाही म्हणते. तो पुन्हा म्हणतो, मग रडतो, मला मारतो, अज्जी वाईट म्हणतो. मी त्याला मांडीवर घेऊन वारा घालते, आणि पट्टा सोडत नाही.