चारशे अकराची अक्का

माझ्या धाकट्या भावानं मला रविवारच्या टोळीत घेतलं नाही, त्याला कारण माझे बूट. पायातले नव्हेत, गेममधले. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की दहा-बारा जण आपापल्या घरून ऑनलाइन जमतात आणि मिळून एका राक्षसाला मारतात. मला त्यात जायचंच होतं. पण त्या गेममध्ये टोपी, चिलखत, बूट, अंगठी, प्रत्येक वस्तूला आकडा असतो. अंगावरच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली की झाला तुमचा गियर स्कोअर. टोळीचा म्होरक्या माझा भाऊ, आणि त्यानं अट घातलेली चारशेची. माझा स्कोअर तीनशे बावन्न.

"अक्का, नियम म्हंजे नियम," तो म्हणाला.

ज्याला मी पाढे शिकवले, तो मला आकडा दाखवतो! मला सणसणीत राग आला. मी शाळेत गणित शिकवते. सरासरी कशी फुगवायची हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

माझं पात्र हीलर, म्हणजे लढणाऱ्यांच्या जखमा भरणारी. तिचे कपडे साधे, मंतरलेल्या कापडाचे. पण गेमच्या बाजारात योद्ध्यांची लोखंडी चिलखतं मोठ्या आकड्यांची होती, आणि हा गेम कुणालाही काहीही चढवू देतो. मी चढवलं. तलवारीचा जोर वाढवणाऱ्या दोन अंगठ्याही घातल्या. तलवार नव्हती, ते सोडा. स्कोअर चारशे अकरा!

"नाद खुळा, अक्का! ये रविवारी," भावाचा मेसेज आला.

मी लॅपटॉप घेऊन कळंब्याला त्याच्याच घरी जाऊन बसले. शेजारी आई मेथी निवडत होती. राक्षसानं पहिला तडाखा दिला, मी जखमा भरायला घेतल्या आणि काहीच भरेना. त्या लोखंडात जखमा भरायची ताकदच नव्हती. पाच मिनिटांत सगळी टोळी आडवी. भावानं माझ्या अंगावरच्या वस्तूंची यादी उघडली.

"अक्का, तू हीलर हाईस का लोखंडाचं दुकान?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय झालं म्हणून आईनं विचारलं, त्यानं मीठमसाला लावून सांगितलं. आईचं सगळं आयुष्य म्हशींत गेलेलं. ती खो खो हसली.

"म्हस तुंबवून बाजारात आणली की हिनं!"

विकायच्या म्हशीची एक वेळची धार काढायचीच नाही. कास तटतटलेली दिसते आणि गिऱ्हाईक भुलतं. मी हसावं की रडावं, कळेना. तेवढ्यात आई भावाकडं वळली.

"आन् तू रं? नुसती कास बघून म्हस घेतोस व्हय? दोन वेळची धार सोता काढून बघायची असती."

आईपुढं म्होरक्याचं काय चालतंय! मला जुन्या कपड्यांत दोन डाव मिळाले. पहिल्यात मी घाईघाईत भलत्यांच्याच जखमा भरल्या, आम्ही हरलो. दुसऱ्यात राक्षस मरायला टेकला, तेव्हा भाऊ आणि आजऱ्याचा एक गडी, दोघंही शेवटच्या घटका मोजत होते. माझ्याकडं जखमा भरायचा मंत्र उरला होता एकच. मी आजऱ्याच्या गड्याला वाचवलं. त्यानं राक्षस पाडला. राक्षसाशेजारी भाऊ आडवा.

"अक्का! मला का न्हाय?"

"तुझा स्कोअर मोठा हाय की. वाटलं, सोसशील."

भाऊ अर्धा तास फुगून बसला. मग त्यानं चारशेची अट काढून टाकली आणि नव्या माणसांची पारख माझ्यावर सोपवली. त्या दिवशी मला मुख्याध्यापक झाल्यासारखं वाटलं.

गेल्या रविवारी मी भावाकडंच खेळायला बसले होते, तेव्हा टोळीत एक नवी बाई आली. मला घ्याल का, असं तिनं चाचरत विचारलं. मी रुबाबात विचारलं, "स्कोअर किती?"

"अवो मास्तरीणबाई," माझ्या मागून आईचा आवाज आला, "कास बघू नगा. धार काढा."