पायी सहलींची वही

आमच्या कॉलनीतली बाकीची कुटुंबं सुट्टीत मॅटाडोर करून सापुताऱ्याला जायची. आम्ही चालत जायचो. बाबा नाशिकहून सिल्वासाला एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते. 'धूर सोडत जायचं आणि कचरा टाकून यायचं, याला सुट्टी कोण म्हणेल?' असं ते म्हणायचे. मी तेव्हा अकरा वर्षांची, आणि बाबांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी वेदवाक्य. शाळेत मुली सापुताऱ्याचे फोटो दाखवायला लागल्या की मी नाक उडवून त्यांना हेच ऐकवायचे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. आई धपाटे बांधून द्यायची. सामरवरणीच्या पुढं, पाड्यापाड्यांतून, रमतगमत. एका दिवाळीत तर तीन दिवस चालत दुधनीपर्यंत गेलो होतो. कागदाचा कपटासुद्धा वाटेत टाकायचा नाही, हा नियम. दुसरा नियम वहीचा. घरी आल्यावर मी सगळं वहीत काढायचं: वाटा, झाडं, विहिरी. "पाणी किती महिने टिकतं, विचार जा त्या आजींना," असं म्हणून बाबा स्वतः लांब सावलीत बसायचे. भूगोल असा शिकायचा असतो, म्हणे.

एका पाड्यावरच्या वारली म्हातारीशी माझी चांगली गट्टी जमली होती. मला पाहिलं की ती हातातलं काम टाकून यायची.

"ये पोरी, पानी पी. आमची हिर कदी आटत नाय. जेठात पन नाय."

तिचं शेत कुठून कुठपर्यंत आहे, ते तिनं मला हात धरून फिरून दाखवलं होतं. शेताचे कागद कुठं ठेवतेस, असं मी विचारलं. तो प्रश्नही बाबांनीच सांगितलेला. ती हसली. "कागुद कशाला? आमीच हाव ना हितं!"

मी तेही वहीत लिहिलं. विहिरीखाली लाल रेघ मारली.

मग एका दुपारी मुंबईहून कारखान्याचे शेठ आमच्या घरी आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले, तर टीपॉयवर माझी वही उघडी.

"अरे वा, बेबीने तो आधा सर्वे कर दिया!" शेठ म्हणाले.

माझा ऊर भरून आला. हे लिहितानाही लाज वाटते.

"जीप नेली असती तर कुणी तोंड उघडलं नसतं, शेठ," बाबा म्हणाले. "मुलगी बरोबर असली की बाया सगळं सांगतात."

शेठ गेल्यावर मी विचारलं, "त्या आजींना माहीत आहे?"

"तुला नाही कळायचं ते," म्हणत बाबांनी वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार आम्हाला त्याच वर्षी शाळेत होता. म्हातारीचा गळा कापला गेला आणि केस माझा वापरला, एवढं मला तेव्हाही समजलं. पावसाळ्यानंतर तिच्या शेताभोवती कारखान्याचं तारेचं कुंपण आलं. ती कुठं गेली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता लोक मला कौतुकानं सांगतात की सुट्टीत हळू फिरावं, पायी फिरावं, निसर्गावर भार पडत नाही. खरंच आहे. आम्ही कधीच काही टाकून आलो नाही. बाबांवरचा राग मात्र मी अजून टाकलेला नाही आणि टाकायचाही नाही.

शेठ येऊन गेले त्याच्या पुढच्या रविवारी बाबा नेहमीसारखे बूट घालून दारात उभे राहिले. मी म्हणाले, पाय दुखतात. ते समजूत घालतील, निदान खाली मान घालतील, अशी माझी वेडी आशा होती. त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग आत वळून माझ्या पाच वर्षांच्या बहिणीला हाक मारली आणि चपला घालायला सांगितल्या.