तव्यावरचा चिरूट

डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बोलवा होती की दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी गांजा ओढते. गेल्या हिवाळ्यात ती वारली, तरी बोलवा जिवंत आहे. खालच्या मजल्यावरचे जगन्नाथकाका अजून दमेकरी व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजात सांगतात, "मी स्वतः पाहिलाय ना, धूर."

धूर खरा, गांजा खोटा. म्हातारी म्हणजे माझी आजी, गिरजाबाई, आणि ती मिश्री भाजायची. गांजाचा वास परवडला असता. साताऱ्याहून आणलेली तंबाखू संपली की ती पप्पांना कोपऱ्यावरून चिरूट आणायला लावायची. ते मोडून माझ्या पॅनकेकच्या तव्यावर काळेकुट्ट करायची, चुरायची आणि बोटानं दातांवर घासत बसायची. लाळ गळत असायची. थुंकायला तिनं दह्याचा रिकामा डबा ठेवला होता, फ्रिजमधल्या डब्याचा जुळा भाऊ. एकदा शाळेतून भुकेली आले आणि चुकीचं झाकण उघडलं. तेव्हापासून मला दही बघवत नाही.

एकदा भाजताना अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली. दारात हेल्मेटवाला सहा फुटी गडी, हातात कुऱ्हाड. आजीनं पदर सावरला आणि म्हणाली, "जयभीम. च्या घेनार का, बाबा?" रविवारच्या वंदनेनंतर मी ही नक्कल केली की सगळ्या मावश्या डोळे पुसत हसायच्या. मम्मी तेवढी हसायची नाही. तवा तिलाच घासावा लागायचा.

ही घाण लागली कुठून, असं मी एकदा नाक धरून विचारलं. आजी हिरडी चाचपत सांगायला लागली, भाजीचा भाव सांगावा तशी. आजोबा लवकर गेले. पदरात तीन पोरं, ती खडी फोडायला जायची. भाकरी पोरांतच संपायची.

"मिसरी लावली की भूक मरती, सुजे."

तिघांतले मधले, राजाराम, म्हणजे माझे पप्पा. मी नाकावरचा हात काढला. आणि या बाईला लोक गंजेटी म्हणतात. शी.

मग शहाऐंशी साली नंदू झाला, माझा भाऊ. आजी तर त्याच्यासाठी कधीपासून मऊ लुगडी फाडून दुपटी शिवत होती. पण डॉक्टरनं तंबाखूचं तोंड बाळाजवळ नको म्हणून सांगितलं, आणि मम्मीनं तिला स्पष्टच सांगितलं, "आई, एक तर मिश्री, नाही तर नंदू." मम्मी त्याला बेबी सोपनं पुसायची आणि आजी दारातून बघायची. तिचे हात नुसते पदराशी चाळा करत असायचे.

मी म्हणाले, तुला रविवारपर्यंतसुद्धा जमणार नाही, आजी. पैज.

"काय लावतीस?"

"तू म्हणशील ते."

तिनं माझ्या कपाळावर स्प्रे मारून उभ्या केलेल्या केसांकडे पाहिलं. तेव्हा शाळेत सगळ्याच पोरी तशा हिंडायच्या. "त्या कोंबड्याच्या तुऱ्याला एरंडेल घालीन. आन पुसायचं न्हाय."

तो आठवडा सगळ्या घरानं भोगला. तिचं डोकं ठणकायचं. बडीशेप चघळत ती पप्पांवर, टीव्हीवर, बाहेरच्या बर्फावर खेकसायची. सोफ्याखाली तिला एक जुना चिरूट सापडला. मी श्वास रोखून बघत होते. तिनं तो मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला.

रविवारी मम्मीनं स्वतःहून नंदूला तिच्या पायांवर ठेवलं. आजीनं त्याला लाल होईपर्यंत चोळलं, आणि तो इतर वेळी भोकाड पसरणारा पोरगा तिच्या हाताखाली झोपून गेला. मग तिनं मला पुढ्यात बसायला सांगितलं, एरंडेलाची बाटली माझ्या डोक्यावर उपडी केली आणि माझा तुरा दोन्ही हातांनी खाली दाबला.

सोमवारी शाळेत वर्गाचा फोटो होता. त्यात मी भिजलेल्या मांजरीसारखी दिसते, आणि शेजारची पोरगी नाक धरून उभी आहे.