कालव्याचं शून्य

कालव्याची माहिती अडवून धरणाऱ्या त्या इंजिनियरला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आमच्या ऑफिसचं काम म्हणजे वेगवेगळ्या खात्यांकडून फाइली गोळा करायच्या आणि पुराचा एक नकाशा बनवायचा. जमिनीची उंची एकाकडे, पाण्याची पातळी दुसऱ्याकडे. नकाशा सोपा असतो हो, फाइल मागताना नाक घासावं लागतं. एग्मोरला त्याच्या केबिनबाहेर मी चार वेळा बसलो. आधी पत्र आणा, मग सही आणा, मग म्हणे पेन ड्राइव्ह चालत नाही, सीडी आणा. सीडी! कालवा जसा काही याच्या तीर्थरूपांनीच खणला होता.

पाऊस तोंडावर आल्यावर मेहेरबानी झाली. फाइलीत नुसते आकडे, कुठून मोजले त्याची एक ओळ नाही. पण परत त्याचं थोबाड बघायची माझी तयारी नव्हती. आकडे तसेच जमिनीच्या उंचीवर चढवले. वेलचेरीतली आमची गल्ली कोरडी दिसली.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले.

"तू नकाशे करतोस ना? ह्यांना वरच्या मजल्यावर हलवू का? उचलायला माणसं आत्ताच बोलवायला हवीत."

"उगाच त्यांचे हाल कशाला, काकू? मी नकाशा बघितलाय. आपल्याकडे पाणी येत नाही."

उंटावरचा शहाणा मी!

पहाटे पाणी पलंगाला लागलं. आम्ही चौघांनी काकांना ओल्या गादीवरून उचलून वर नेलं. ते थडथड कापत होते आणि माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी छाती भरली, हॉस्पिटलात न्यावं लागलं.

मी इंजिनियरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, कालव्याची पातळी आम्ही समुद्रापासून मोजत नाही, जुन्या पुलावरच्या दगडी खुणेपासून मोजतो, आमचं शून्य तेच. जमिनीची उंची मात्र समुद्रापासून मोजलेली, आणि ती खूण समुद्रसपाटीच्या कमरेइतकी वर. म्हणजे माझ्या नकाशात पाणी खऱ्यापेक्षा कमरेइतकं खाली दिसत होतं.

"हे सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी त्याला नाही नाही ते बोललो. मग हॉस्पिटलात जाऊन काकूंना सगळं समजावलं: ती खूण, तो नालायक माणूस, त्याची ती फाइल.

"मला जिन्यात सांगितलंस," त्या म्हणाल्या, "आणि तसाच खाली उतरून तुझी गाडी फ्लायओव्हरवर नेऊन लावलीस. मी खिडकीत होते."

"काकू, पाऊस म्हटला की वेलचेरीत सगळेच गाड्या तिथे लावतात. सवयीने लावली."

"हो ना. गाडीसाठी नाही बघितलास नकाशा."