काकूंचा कंदीलवाला

उडी मारायची वेळ आली की काकू आधी स्वतः पाटावरून उचलल्या जायच्या. दोन्ही हातांत धरलेला गेमचा रिमोट वर, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले. टीव्हीवरचा बारका माणूस खड्डा ओलांडून पलीकडे टेकला की काकूही पाटावर टेकायच्या आणि श्वास सोडायच्या. तो खड्ड्यात पडला तर एवढंच म्हणायच्या, "गेला. चल, पहिल्यापासनं."

असं खेळणारं कुणी ना कुणी तुम्हीही पाहिलं असेल. पडद्यावरची गाडी वळली की खेळणाऱ्याचा खांदाही वळतो. पण ते बहुधा शाळकरी पोर असतं. मी सांगतोय त्या खेळाडू साठीच्या घरात होत्या. उचगावात त्यांचं घर होतं, दारात दोन म्हशी होत्या आणि वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी होतो.

मी चंदगड तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बी.ए. करायला कोल्हापूरला आलो, सकाळी कॉलेज आणि मग एका हार्डवेअरच्या दुकानात काम. काकूंनी पहिल्या आठवड्यातच माझा स्टोव्ह बंद केला. "एकल्या जिवासाठी भांडी कशाला खरकटी करतोस? ये की खाली." त्यानंतर मी त्या घरात कधी पाहुणा राहिलो नाही.

दुकान दुपारी बंद असायचं. मी जेवायला यायचो तेव्हा काकूंचा खेळ रंगात आलेला असायचा. सकाळची धार झालेली, संध्याकाळची अजून लांब. काका फाउंड्रीत. मधली ती दुपार काकूंची.

गेमचं यंत्र त्यांच्या दोन मुलांचं. मुलं शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि थोरल्यानं सांगितलं, ते खोकं भंगारवाल्याला देऊन टाक. द्यायच्या आधी काय आहे ते तरी बघावं म्हणून काकूंनी त्याच्या वायरी जुन्या डब्बा टीव्हीला जोडल्या. भंगारवाला पुढच्या गल्लीत निघून गेला.

कॅसेट एकच चालायची. तिच्यावरचा कागद निघून गेला होता, त्यामुळे गेमचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. हातात कंदील घेतलेला एक माणूस आणि एकावर एक आठ बुरूज. खाली खिळे, वरून वटवाघळं, पाय ठेवला की कोसळणाऱ्या फळ्या. चुकलात की पडलात, आणि मोजकेच जीव. ते संपले की पुन्हा पहिल्या बुरुजाच्या पायथ्याशी. आपण कुठवर पोचलो ते यंत्र लक्षात ठेवत नसे; लाईट गेली तरी पुन्हा पायथाच. हल्लीच्या मोबाईलवरच्या गेमची सवय असलेल्यांना हा जाच कळायचा नाही.

काकू त्याला कंदीलवाला म्हणत. लाडात आल्या की बारक्या. "बारक्या लई चिवट हाय बघ. माझ्यावाणी."

मुलांनी तो गेम शाळेत असल्यापासून खेळला, पण शेवटचा बुरूज त्यांना कधी चढता आला नाही. धाकटा फोनवर हसून म्हणायचा, त्याच्या वर काही नसतंच, कंपनीनं लोकांना फसवलंय. काकूंना ते पटत नसे. "एवढा बुरूज बांधलाय म्हणजे वर कायतरी ठेवलं असंल की. बांधणारा काय खुळा हाय?" वर काय आहे ते त्यांना बघायचं होतं. दुसरं काही नाही. मुलांना हरवायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं.

दुपार मात्र पुरायची नाही. वरच्या बुरुजांपर्यंत जायलाच इतका वेळ लागे की धारेची वेळ व्हायची. मग काकू खेळ थांबवून ठेवायच्या, टीव्हीवर जुनं पातळ टाकायच्या आणि किटली घेऊन गोठ्यात जायच्या. कधी ते पातळ दोन-दोन दिवस तसंच असे. घरात सगळ्यांना माहीत होतं, पातळ आहे म्हणजे बारक्या आत उभा आहे, हात लावायचा नाही. काकांना रात्रीच्या बातम्या बघायला शेजारी जावं लागे. जाताना ते पायताण जोरात आपटत.

धाकट्यानं उन्हाळ्यात आईला वारा लागावा म्हणून इन्व्हर्टर बसवून दिला. काकूंनी वायरमनला पाजला चहा आणि दुसऱ्या कपाच्या आत टीव्हीची आणि गेमची वायर इन्व्हर्टरला जोडून घेतली. इन्व्हर्टर लहान होता. पंखा लावला तर लवकर उतरेल म्हणून पंखा नको. लाईट गेली की आम्ही तिघं अंधारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो आणि पातळाखाली बारक्याचा कंदील जळत असायचा. काका म्हणायचे, "माझ्या नशिबात न्हाय, पर त्येच्या नशिबात लाईट हाय."

मग तो मे महिना आला. माझा निकाल लागला होता. मी पास झालो आणि काकूंनी गल्लीत पेढे वाटले. प्रत्येक दारात सांगितलं, आमच्या घरातला पोरगा बी.ए. झाला. निकाल ऐकून माझी आई पहिल्यांदाच कोल्हापूरला आली. एसटीतून उतरली ती काजू आणि तांदळाच्या पिशव्या घेऊन. काकूंनी तिला दारातच मिठी मारली. दोघींची ओळख आम्हाला करून द्यावी लागली नाही.

त्याच वेळी बारक्या पहिल्यांदा आठव्या बुरुजावर पोचला होता. काकूंनी तिथं खेळ थांबवला, पातळ टाकलं आणि दूध घालायला डेअरीला गेल्या. काका कामावरून यायचे होते, मी दुकानात. घरात आई एकटी.

आमच्या चंदगडच्या बाजूला पाऊस कसा असतो ते तिकडच्या माणसालाच ठाऊक. ढगाचा पहिला आवाज झाला की घरातली बाई हातातलं काम टाकून आधी सगळ्या पिना काढते. एका वर्षी विजेनं आमच्या वाडीतले टीव्ही जाळले, तेव्हापासून तर कुणी विजा मोजत बसत नाही. उचगावात त्या संध्याकाळी वळीव आला. ढग गडगडला आणि आई उठली. पाहुणी आहोत म्हणून स्वस्थ बसणं तिला जमलं नाही. तिनं घरातली एकूण एक पिन काढली. टीव्हीची पिन कपाटामागे होती, ती हात घालून काढली.

मी भिजत घरी आलो तेव्हा काका दारात उभे होते आणि काकू नुकत्याच आत आल्या होत्या. हातात रिकामी किटली. पातळाखाली काळोख होता.

"सगळ्या पिना काढल्या बघा, ताई," आई म्हणाली. "तुमचा टीव्ही वाचला."

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते मिटलं. किटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं केलासा. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

मग त्यांनी चहा केला. चहात साखर नव्हती. आम्ही चौघांनी तो तसाच प्यायला आणि आईनं चहा छान झालाय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी आईला शेजारी पाट दिला. पिन लावली, कॅसेट फुंकून बसवली, बारक्या पायथ्याशी उभा राहिला. आईनं विचारलं की काल हा कुठवर गेला होता. "हितंच हुता की," काकू म्हणाल्या, "खालीच." थोड्या वेळानं आई वटवाघळांना शिव्या द्यायला लागली आणि काकू हसून हसून खड्ड्यात पडल्या. आई परत गेली ती त्यांचा टीव्ही आपण वाचवला या समाधानात. आजही गावात सांगते.

पावसाळ्यात काका फाउंड्रीतून निवृत्त झाले. मुलांनी दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं, दसऱ्यानंतर. म्हशी गडमुडशिंगीच्या एका ओळखीच्या घरी गेल्या. पुण्याच्या फ्लॅटमधला टीव्ही भिंतीवरचा, नवा. त्याला या वायरी बसणार नाहीत असं धाकट्यानं सांगितलं. म्हणजे जे काही व्हायचं ते दसऱ्याच्या आत. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळीही खेळायला बसू लागल्या. गोठा रिकामा झाला होता, सकाळ मोकळी होती. त्या जागेकडे बघायचं त्या टाळत असाव्यात.

सामान बांधून झालं होतं. भांडी पोत्यांत, गाद्या दोरीनं आवळलेल्या. टीव्ही तेवढा जागेवर. मी दुपारी जेवायला आलो तर काका स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभे. गप्प, अशी खूण. बारक्या आठव्या बुरुजावर होता आणि शेवटचा जीव उरला होता.

कोसळणाऱ्या फळ्या, मध्ये विसावा नाही. काकू पाटावर टेकतच नव्हत्या. एका फळीवर बारक्या कडेला लटकला आणि काकांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की मी कळ सोसली. मग एक लांब उडी. बारक्या वर पोचला.

वर एक विझलेला मोठा दिवा होता. बारक्यानं आपला कंदील त्याला लावला. तो पेटला आणि पडदा खाली सरकू लागला, तसे खालचे सगळे बुरूज एकेक करून उजळत गेले. ज्या ज्या ठिकाणी काकू शेकडोदा पडल्या होत्या, तिथं आता उजेड होता.

"बघा," काकू हळूच म्हणाल्या, "म्हटलं हुतं न्हवं, कायतरी ठेवलं असंल."

मग इंग्रजी अक्षरं वर चढायला लागली. काकूंनी विचारलं हे काय लिहिलंय. ज्यांनी गेम तयार केला त्यांची नावं आहेत, मी म्हणालो.

"मग वाच की. मोठ्यानं."

मी वाचली. नावं परदेशातली, जीभ अडखळत होती. चित्रं कुणी काढली, बुरूज कुणी बांधले, वाजवलं कुणी. प्रत्येक नावाला काकू "बरं" म्हणत होत्या, लग्नात आहेर पुकारल्यावर घरधनी म्हणतो तसं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी वाचून दाखवलं आहे. हल्ली एका हायस्कूलमध्ये तेच माझं काम आहे. पण इतका मान देऊन कुणी ऐकलेलं मला आठवत नाही.

शेवटी उजळलेल्या बुरुजांवर एक ओळ येऊन थांबली. खेळल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते.

"माझं?" काकूंनी विचारलं.

"तुमचेच."

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, रिमोट काकांच्या हातात दिला आणि टीव्ही बंद करू नका म्हणून सांगून चुलीपाशी गेल्या. काकांनी तो दोन्ही हातांनी पाटावर ठेवला आणि ते चपला न घालताच गल्लीत सांगायला गेले.

माणसं येऊ लागली. शेजारच्या वहिनी, पलीकडचे शिंपी, डेअरीवाला. जो तो उंबऱ्याबाहेर चपला काढत होता, बांधलेल्या सामानातून वाट काढत टीव्हीसमोर येत होता आणि पेटलेले आठ बुरूज उभ्याउभ्या बघत होता. काकू सोडलेल्या पोत्यातून कप काढून चहा गाळत होत्या. टीव्हीत काय आहे ते कुणाला कळत नव्हतं. पण निघताना प्रत्येकजण काकूंना वाकून नमस्कार करत होता.