पाला मास्तरांचं भगुणं

पाला मास्तर सकाळी शाळेत आले, की हजेरीआधी एकेका पोराच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघत. "काहून रं, रगत कुठं ठिवलं?" मग दुपारी खाण्याची फडकी सोडायला लावत. आत काय असणार? वाळकी भाकर आणि मिरची. "रोज हेच? शेरडू बी हिरवं खातं की रं!" शेवगा आणि तांदुळजा यांच्या गुणांवर ते इतकं बोलत, की पोरांनी त्यांचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं.

ते मुसलमान, मी ब्राह्मण. शिरड शहापूरजवळच्या त्या दोन मास्तरांच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. निजामाचं राज्य, पोरांना शाळेत खाऊ घाला असा हुकूम कुणाचाच नव्हता. खूळ त्यांचंच. प्रत्येक पोरानं घरून मूठभर डाळ आणि पाला आणायचा, अंगणात एकाच भगुण्यात शिजवायचा. गाव बिथरू नये म्हणून भगुण्याला हात फक्त माझा, असं मीच ठरवलं. मास्तर चार हात लांब बाजेवर बसून ओरडत, "घोटा, घोटा! हात मोडला का?" स्वतःच मांडलेल्या चुलीपासून त्यांना मी लांब बसवलं होतं. आता लाज वाटते.

किसन हे धनगराचं लेकरू. दिवेलागणीनंतर त्याला दिसायचं नाही. काही महिने पाला खाल्ला आणि एके दिवशी धापा टाकत आला, "मास्तर, काल सांजच्याला चुकलेलं कोकरू मीच हुडकलं!" मास्तरांनी त्याला पोटाशीच धरलं.

पुढे एकदा डाळ चुलीवर असतानाच मला हुडहुडी भरली. मी घरी जाऊन निजलो. डाळ करपायला लागली, तेव्हा मास्तरांनी भगुणं स्वतः उतरवलं आणि भुकेल्या पोरांना वाढलं. पोरांनी घरी जाऊन हौसेनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. पुढे किसनचा बाप. तो माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "लेकरं काय बी बोलत्यात. भगुणं तुमी उतरवलं म्हना, मास्तर. आमी मुकाट घरी जातो."

पाला मास्तर माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. "मी तेव्हा घरी होतो."

भगुणं उपडं झालं, चूल विस्कटली. निम्मी पोरं घरच्यांनी शाळेतून काढली. थोड्याच दिवसांत किसनची आई सांजच्याला त्याला पुन्हा हाताला धरून घरात नेऊ लागली.

तक्रार वर गेली आणि मास्तरांची बदली झाली. ते गाडीत बसले तेव्हा मी माफी मागितली. म्हणाले, "तुमी खोटं कुठं बोललात? जिवाला तकलीफ करून घेऊ नका." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे नोकरी टिकवायला, बढती मिळवायला मी ढिगानं खोटं बोललो. जीभ कधी अडखळली नाही. किसनचा बाप तर हात जोडून खोटं मागत होता, आणि मला मेल्याला नेमका तेव्हाच खरेपणा सुचला.